घरात शुगर निघाली की दळणाचं काय करायचं?

आमच्या गिरणीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"यांना शुगर निघालीय, गहू बंद करून नाचणी सुरू करू का?" हा प्रश्न गिरणीत वारंवार येतो. कधी बायको नवऱ्यासाठी विचारते, कधी नवरा बायकोसाठी. उपाशीपोटीची साखर 126 किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) 6.5 किंवा त्याच्या पुढे आलं, की बहुतेक घरांत पहिली गदा गव्हावर येते. औषधं डॉक्टर ठरवतील, पथ्य आहारतज्ज्ञ लिहून देतील. पिठाबद्दल आणि रोजच्या ताटाबद्दल आम्हाला जे ठाऊक आहे, ते इथे सांगतो.

मधुमेह बरा करणारं पीठ नसतं. आम्ही तसं काही विकत नाही, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू या सगळ्यांत पिष्ट भरपूर असतं आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. ज्वारी-बाजरीत चोथा चांगला असतो, म्हणून ती जरूर खावीत. पण "भाकरीच आहे, घ्या अजून एक" असं म्हणून तीन भाकऱ्या वाढल्या, तर गहू सोडून काही साधत नाही.

आधी पीठ तोलून बघा

50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण 35 ग्रॅम कर्बोदकं येतात. 25-25 ग्रॅम कणकेचे दोन फुलके केले तरी हिशोब जवळपास तेवढाच. 150 ग्रॅम शिजलेल्या भातात 40 ग्रॅमच्या आसपास. घरी मात्र पीठ मुठीने घेतात, आणि भाकरी चांगली तवाभर थापायची सवय असली तर एकीलाच 80 ग्रॅम पीठ सहज लागतं. म्हणून एका भाकरीला घेता तेवढं पीठ पिशवीत घालून आणा, आमच्या काट्यावर तोलून देऊ. त्याचे पैसे नाहीत. एका जेवणाला किती चालेल हे वजन, वय आणि औषधांवर ठरतं, ते डॉक्टरांनाच विचारा. पण आज किती खाल्लं जातंय हे कळल्याशिवाय किती कमी करायचं ते ठरवणार कसं?

भाकरी लहान झाली की ताटात जागा रिकामी दिसते आणि जेवणारा खट्टू होतो. ती जागा उसळीने, पालेभाजीने, कोशिंबिरीने भरा. मटकी, मूग, हुलगे, घट्ट वरण, पिठलं, दही, अंडं, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळा हवंच. बटाट्याची भाजी आणि भात एकाच ताटात नकोत. आधी कोशिंबीर आणि उसळ खाऊन मग भाकरी-भाताकडे वळलं, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. यावर अभ्यासही झाले आहेत. जेवून लगेच आडवं होण्याऐवजी दोघांनी मिळून दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी फरक पडतो.

घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा. एक दिवस भात खाऊन, एक दिवस भाकरी खाऊन. बहुतेकांना 180 च्या आत ठेवायला सांगतात. तुमचं लक्ष्य तुमचे डॉक्टर सांगतील. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले, की कुठलं धान्य चांगलं यावरून घरात होणारे वाद निम्मे मिटतात.

चहा, गूळ, बिस्किटं

दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम साखर जेवणाबाहेरच गेली. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातल्याने सुटका होत नाही, त्यांनीही साखर वाढतेच. मारी, खारी, टोस्ट यांत मैदाच असतो. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटांतही तो असतोच. चहाबरोबर मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे बरे. नाचणीचं सत्त्व चोथा गाळून केलेलं असतं, त्यामुळे ते भाकरीची जागा घेऊ शकत नाही.

उपास

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच. त्यात बटाटा घालून एकादशीला ताटभर खिचडी खाल्ली तर साखर चढणारच. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना दिवसभर निरंकार राहिलं, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं, बोलण्यात गोंधळ दिसला तर ताबडतोब तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कारल्याच्या रसाच्या भरवशावर तर नाहीच.

एका घरात दोन स्वयंपाक नकोत

हे आम्ही कळकळीने सांगतो. नवऱ्यापुढे उकडलेली भाजी आणि बाकीच्यांसमोर पुरी-श्रीखंड, असं पथ्य फार दिवस टिकत नाही. माणूस चोरून खायला लागतो, आणि वाढणारीवर पहारेकऱ्याची वेळ येते. वर लिहिलेलं जेवण सगळ्यांनाच मानवणारं आहे, तेव्हा पातेलं एकच ठेवा. बायकोला शुगर असेल तर यजमानांनो, तुमच्यासाठी भात टाकून मागच्या उरल्यासुरल्यावर तिने वेळी-अवेळी जेवायचं, हे आता बंद व्हायला हवं. तिच्या गोळीची वेळ हीच घराची जेवणाची वेळ.

दळण

कणीक थोडी जाडसर आणि न चाळता वापरा. बारीक पीठ लवकर पचतं आणि साखर लवकर चढते. चार किलो गव्हाला एक किलो हरभरे घातले तर पोळीत प्रथिनं वाढतात. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ज्वारी आठवड्यापुरतीच दळा. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि मग घर पुन्हा पोळीवर येतं. बाजरीचं पीठ तर लवकर कडवट होतं. आमच्याकडे एक किलोचं दळणही घेतो. जाडसर हवं असेल तर डब्यावर तसं लिहा, म्हणजे गडबडीत बारीक निघणार नाही.