आर्जेन्टिनाचं तेल लातूरला परवडतंच कसं?

लातूरच्या मोंढ्यात नवं सोयाबीन यायला लागलं आणि तेल गाळणाऱ्या प्लँटचे खरेदीचे रेट पडले की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आर्जेन्टिनाचं तेल आलंय ना, म्हणून." त्याच्या मागोमाग दुसरं येतं, "पण एवढ्या लांबून आणून परवडतंच कसं, नक्की भेसळ असणार." पहिल्या वाक्यात बरंच तथ्य आहे. दुसऱ्याबद्दल मला लिहायचंय, कारण त्यामागचं फिजिक्स मला मनापासून आवडतं.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. खाद्यतेल आयात करण्यात भारत जगात पहिला, सोयातेल निर्यात करण्यात आर्जेन्टिना पहिला, आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच. सोयाबीनमध्ये तेल 18-20 टक्केच, बाकी डीओसी म्हणजे पेंड. तिकडे पराना नदीच्या काठी रोसारियो शहराच्या आजूबाजूला गाळपाच्या कारखान्यांची रांग लागलेली आहे, बी तिथंच गाळायचं आणि क्रूड डिगम तेल, म्हणजे चिकट गाळ काढलेलं पण रिफाइन न केलेलं तेल, तिथूनच जहाजात भरायचं. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे त्यांची मुख्य काढणी एप्रिल-मेमध्ये, आपली ऑक्टोबरच्या आसपास. एकरी उतारा आपल्या अडीच-तीन पट.

आता जहाज. आफ्रिकेच्या खालून केप ऑफ गुड होपला वळसा घालून गुजरातच्या कांडला बंदरापर्यंत अंतर साधारण 15,000 किलोमीटर. 40,000 टन तेल घेऊन निघालेला टँकर ताशी 24 किलोमीटरच्या आसपास चालतो आणि दिवसाला अंदाजे 30 टन इंधन जाळतो. 26-27 दिवसांचे झाले 800 टन. ते 40,000 टनांवर वाटा, एका किलो तेलामागे फक्त 20 ग्रॅम इंधन! उलट मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराहून लातूरला 25 टनांची गाडी आणली तर 480 किलोमीटर धरा, लिटरला 4 चं ॲव्हरेज, म्हणजे 120 लिटर डिझेल, किलोमागे 4 ग्रॅम. अंतर तीसपट आणि इंधन फक्त पाचपट.

हे कसं होतं? तेलाचा एक चौकोनी डबा घ्या, त्याची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट करा. पत्रा लागेल चौपट, तेल मात्र मावेल आठपट. जहाजाला पाणी घासतं ते फक्त बाहेरच्या पत्र्याला, आतल्या तेलाला नाही, म्हणून जहाज जितकं मोठं तितकं टनामागे घर्षण कमी. वजन पेलायचं काम पाणी फुकटात करतं, ट्रकचं टायर मात्र ओझ्याखाली दर फेऱ्याला दबतं आणि फुगतं आणि त्यातच ऊर्जा खातं.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि इंजिनची पॉवर घनाने, म्हणजे वेग 10 टक्के कमी केला तर पॉवर 27 टक्क्यांनी कमी लागते, आणि प्रवासाला जास्त दिवस लागले तरी एकूण इंधन 19 टक्के वाचतं. शिवाय पुढं जाताना जहाज लाटा उठवतं त्यातही ऊर्जा जाते. या लाटेची लांबी वेगाच्या वर्गावर ठरते, सूत्रात 24 किलोमीटरचा वेग टाकला तर ती 28-29 मीटर येते, आणि टँकर असतो 180 मीटरचा. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीएवढी व्हायला लागली की जहाज आपल्याच लाटेच्या चढावर अडकतं आणि इंधन वेड्यासारखं जळतं. लांबलचक आणि संथ जहाज त्या हद्दीच्या खूप अलीकडे राहतं.

या गणितात एकच नाजूक जागा आहे, ती म्हणजे पराना नदी. कारखाने समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि नदीत जहाजाला साधारण 34 फूट पाणी मिळतं. पाणी एक फूट उतरलं की असल्या टँकरमध्ये जवळपास 1500 टन माल कमी भरावा लागतो, खर्च मात्र तेवढाच. 2021 मध्ये तिकडच्या दुष्काळात नदी 1944 नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेली आणि जहाजं अर्धवट भरून निघाली. पाऊस नदीच्या वरच्या अंगाला ब्राझीलमध्ये पडत नाही आणि त्याचा हिशेब कांडल्याच्या डिगमच्या भावात लागतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

व्हॉट्सॲपवर फिरतं की महिनाभर जहाजात तेल सडतं आणि मग केमिकल मारून विकतात. असलं काही पुढं ढकलू नका. तेल खवट होतं ते ऑक्सिजन, उजेड आणि उष्णतेनं, बंद टाकीत यातलं फारसं काही पोचत नाही, क्रूड तेलात स्वतःचं व्हिटॅमिन ई असतं आणि आपल्याकडे आल्यावर ते रिफाइन होतंच. टाकीत आधीच्या खेपेला काय होतं याचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत.

मग अंतराला काहीच किंमत नाही का? आहे. यान टिनबर्गेन या डच अर्थतज्ज्ञाने 1962 मध्ये मांडलं की दोन देशांतला व्यापार गुरुत्वाकर्षणासारखा चालतो, अर्थव्यवस्था मोठ्या तितका जास्त, अंतर वाढलं की कमी. अंतर दुप्पट झालं तर व्यापार साधारण निम्मा, असं नंतरच्या बहुतेक अभ्यासांत दिसलं. मालवाहतूक एवढी स्वस्त असून असं का, यावर अर्थशास्त्री अजून भांडतात. विश्वास, माहिती, महिनाभर अडकलेल्या पैशाचं व्याज, सगळंच त्यात येतं. आपल्याकडूनही तिकडे माल जातो, शेतीची औषधं, रसायनं, मोटरसायकली. बजाजची पल्सर तिकडे रौसर नावानं विकली जाते. पण गाड्या जातात कंटेनरमधून, तेलाच्या टँकरला त्यांचा काही उपयोग नाही, म्हणून टँकरच्या रिकाम्या फेरीचा खर्चही बऱ्याचदा तेलावरच पडतो.

आणि तरीही सगळ्यात मोठा आकडा समुद्रावर नाहीच. सप्टेंबर 2024 मध्ये क्रूड सोयातेलावरची एकूण आयात ड्युटी 5.5 वरून 27.5 टक्के झाली, मे 2025 च्या शेवटी ती 16.5 वर आणली. टनाला 1000 डॉलर भाव धरला तर त्या एका कपातीचे झाले 110 डॉलर. तेवढ्याच टनाला 15,000 किलोमीटर आणायला लागलेलं 20 किलो इंधन 600 डॉलर टनाने धरलं तर 12 डॉलरचं.