पायरीवरचा भोपळा, अंगणातली पानं: अमेरिकी ‘फॉल’ची पार्श्वभूमी

‘फॉल’ म्हणजे अमेरिकेतला पानगळीचा ऋतू. ऑक्टोबर लागला की तिथल्या घरांच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात, दाराशी मक्याची वाळकी ताटं उभी राहतात आणि रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग लागतात. सगळं पुरातन वाटतं. मुळं जुनी आहेतच, पण आज गल्लोगल्ली दिसणारं रूप जेमतेम शंभर वर्षांचं.

भोपळे येतात ते हॅलोवीनसाठी. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना तिथले प्राचीन केल्टिक लोक सण पाळत. पुढे १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती संतदिनाची आदली रात्र त्यात मिसळली. सलगम कोरून आत दिवा ठेवायची रीतही तिथलीच. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेत आले आणि इथे भोपळा आयताच हाती लागला. सलगम कोरताना मनगट भरून येतं. भोपळ्याचं देठाकडचं झाकण कापलं, चमच्याने बिया आणि तंतू खरवडले की निम्मं काम झालं. आज कोरायला घेतात तो भक्कम देठाचा, गडद नारिंगी भोपळा मात्र बराच अलीकडचा. त्यातला सर्वांत गाजलेला वाण मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने १९६०च्या दशकात तयार केला. चवीला तो पाणचटच. डबाबंद भोपळ्याचं पीक मुख्यतः इलिनॉयमध्ये निघतं; ती फळं फिकट, लांबट असतात, पायरीवर कुणी मांडणार नाही अशी.

हॅलोवीनच्या रात्री मुलं दारोदार खाऊ मागत फिरतात, त्याची कथा त्याहून मजेदार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रात्र म्हणजे उपद्रवाची रात्र होती. खिडक्यांना साबण फासायचा, फाटकं उचकटून न्यायची. होळीसाठी लाकडं पळवणाऱ्या पोरांचेच हे भाऊबंद. वैतागून मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० मध्ये पोरांना गुंतवायला मिरवणूक काढली. इतर ठिकाणी घरमालकांनी सरळ तहच केला: खाऊ घ्या, खोड्या काढू नका. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशनिंग आलं तेव्हा हा तह अडखळला. १९४७ मध्ये साखर मोकळी झाली आणि नेमकी तेव्हाच उपनगरं वाढत होती: ओळीने घरं, रहदारी कमी, घरोघरी लहान मुलं. माझ्या मते हा सण केल्टिक लोकांपेक्षा या उपनगरांचाच जास्त आहे. ओसरीवरचा दिवा चालू असेल तर बेल वाजवा, बंद असेल तर पुढे व्हा, हा अलिखित नियम अजूनही पाळतात. उन्हाळ्यासाठी पुढे केलेलं घड्याळ पुन्हा एक तास मागे घेण्याचा दिवसही २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेला, त्यामुळे मुलांना संध्याकाळचा थोडा जास्त उजेड मिळाला.

पानांचं प्रकरण वेगळं. दिवस लहान होतात तसं पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो; मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. गळलेली पानं पूर्वी रस्त्याकडेला ढीग करून जाळत, आणि तो धूर कित्येकांना ऋतूचाच वास वाटे. १९७० च्या शुद्ध हवा कायद्यानंतरच्या काळात अनेक गावांनी जाळण्यावर बंदी आणली. मग कागदी पोती आली, पानं ओढून घेणारे ट्रक आले आणि शनिवारची सकाळ नासवणारी फुंकणी यंत्रंही. पानं उचलू नका, गवत कापायच्या यंत्राने चुरून हिरवळीवरच राहू द्या, असं आता कृषी विस्तार केंद्रं सांगतात; अंगण चकाचक ठेवणाऱ्या शेजाऱ्याच्या गळी ते उतरवणं मात्र अवघडच.