वाटीच्या मापाचं वजन (कोरडे जिन्नस)

वाटी, कप किंवा चमच्याने मोजलेल्या पीठ-साखर-डाळीचे ग्रॅम किती होतात ते काढणं म्हणजे हे रूपांतर. खान्देशात घरचं सगळं वाटीवर चालतं पण लग्नाचा आचारी यादी देतो ती किलोत, गिरणीवाला दळणाचे पैसे घेतो तेही किलोवर, म्हणून हा हिशोब कधी ना कधी करावाच लागतो. धान्याची जुनी मापंही भांड्याचीच होती, 2 चिपटी म्हणजे 1 मापटं, 2 मापटी 1 शेर, 4 शेर 1 पायली, 16 पायल्या 1 मण. 1956 च्या कायद्यानंतर बाजार किलोवर गेला, स्वयंपाकघर काही गेलं नाही.

गणित सोपंय, भांड्यात किती मिली मावतं त्याला त्या जिन्नसाच्या घनतेने गुणायचं, आणि ही घनता मधल्या हवेसकट धरायची. 240 मिलीच्या कपात साधारण मैदा 120 ते 125 ग्रॅम, रवा 165 ते 170, शेंगदाणे 145-150, साखर 200, तूरडाळही 200 च्या आसपास, बारीक मीठ तर 285-290. पण आपली वाटी 240 ची नसते, कुणाची 150 ची, कुणाची 200 ची. त्यावर उपाय म्हणजे रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिली. 180 निघाले तर साखर साधारण 150 ग्रॅम, कणिक 90-95.

खरा घोळ पिठातच होतो. मैदा चाळून चमच्याने अलगद भरला तर कप 120 चा, तोच कप डब्यात खुपसून दाबून काढला तर 140-150 सहज, आणि शीग ठेवली तर विचारूच नका. त्यामुळे नेटवरचे तक्ते डोळे झाकून घेऊ नयेत, भरायची पद्धत दिली नसेल तर आकडा निम्माच कामाचा.

अख्ख्या धान्यात एवढा फरक पडत नाही. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद घालतात, कुणी चाराला एक कुणी तिनाला एक, आणि दोन्ही धान्यं लिटरमागे पाऊण किलोच्या थोडी वर-खाली भरतात, म्हणून माप भांड्याने घ्या नाहीतर किलोने, प्रमाण जवळपास तेच राहतं. बट्टीच्या गहू-मक्याचंही तसंच. मात्र दळून झाल्यावर बट्टीचं जाडसर पीठ रव्यासारखं बसतं, वाटीत पोळीच्या पिठापेक्षा जास्त भरतं, तेव्हा पोळीच्या वाटीचा आकडा त्याला लावू नये.

मिठाला मात्र काटा हवाच. बिबड्या, पापड असं मोठं काम काढलं की बारीक मिठाच्या अंदाजाने खडेमीठ घातलं तर ते कमी पडतं कारण खड्यांमधे हवा जास्त. उलट चिमूटभर हळद-हिंगाला घरचा काटा निरुपयोगी, 1-2 ग्रॅमला तो नीट हलतही नाही, तिथे 5 मिलीचा चमचाच बरा, हळदीचा सपाट चमचा साधारण 3 ग्रॅमचा.