सड्यावरची चाकोरी

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस साताऱ्याच्या पश्चिमेकडील एका सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, जाड टायरच्या सायकलीची ताजी रेघ मी पाहिली. ओल्या मातीत उमटलेली, जेमतेम दोन इंच रुंद आणि बोटाच्या पेराएवढीही खोल नसलेली ती रेघ उताराच्या दिशेने सरळ खाली गेली होती. दोन पावसांत ती बुजून जाईल, असेच कोणालाही वाटले असते. सप्टेंबरात पुन्हा त्या जागी गेलो, तेव्हा रेघेचा ओघळ झाला होता. तळाशी जांभ्याचा कातळ उघडा पडला होता, म्हणजे वाहून जाण्यासारखी माती तिथे उरलीच नव्हती. आणि आजूबाजूला गेंदाची पांढरी फुले दाटीने उभी असताना ओघळाच्या दोन्ही काठांवरचा वीतभर पट्टा मात्र विरळ आणि कोरडा दिसत होता. चाक तिथून एकदा गेले होते की दहा वेळा, हे सांगता येणार नाही. मात्र मातीत केवळ सुरुवात चाकाने केली होती, पुढचे सारे काम पाण्याचे होते.

डोंगरी सायकलीचे चाक जमिनीवर किती भार टाकते, याचा हिशेब अवघड नाही. सत्तर किलोचा स्वार आणि चौदा किलोची सायकल धरली, तर मागच्या चाकावर साधारण पन्नास किलो भार येतो. डोंगरवाटेसाठी टायरमध्ये हवा कमी, म्हणजे 25 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला 25 पाउंड) आसपास ठेवतात, आणि हवेच्या टायरचा जमिनीवरचा दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. त्या हिशेबाने दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन किलो दाब येतो आणि चाक जमिनीला टेकते ती जागा दोन काडेपेट्यांहूनही थोडी लहान भरते. चरणाऱ्या गाईच्या खुराचा दाबही साधारण एवढाच असतो.

शिवाय नीट फिरणारे चाक जमिनीला घासत नाही. चाकाचा खाली टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता जमिनीच्या संदर्भात स्थिर असतो. तो पुढे सरकत नाही, फक्त टेकतो आणि उचलला जातो. उतारावर घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला की मात्र हा हिशेब बिघडतो. थांबलेले चाक फरफटत जाते, रंध्यासारखी माती सोलते आणि वरचे गवताचे जाळे तोडून टाकते. डोंगरवाटांवरची सर्वांत वाईट जागा म्हणूनच बहुधा वळणाच्या अलीकडे, जिथे सगळेच ब्रेक दाबतात तिथे, सापडते.

या विषयावर प्रत्यक्ष मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर पादचारी, घोडे, मोटरसायकली आणि सायकली चालवून केलेला एक अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यात चाकांपेक्षा खुरांनी आणि पावलांनी अधिक माती सुटी होते, असे आढळले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एका पानगळीच्या जंगलात पाचशे फेऱ्यांपर्यंत चालून आणि सायकल चालवून केलेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही झाडोऱ्यावरच्या आणि मातीवरच्या परिणामांत पायी चालणे व सायकल यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. सायकलप्रेमी मंडळी हे निष्कर्ष उत्साहाने सांगतात, आणि ते खरेही आहेत. पण ते त्या वाटांपुरते आणि त्या मातीपुरते खरे आहेत. सडा ही गोष्ट निराळी आहे.

दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजला. पुढे उष्ण आणि दमट हवेत पावसाच्या पाण्याने त्या खडकातील चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका विरघळवून नेली, आणि मागे उरले ते मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड. हाच जांभा. फ्रान्सिस ब्युकॅनन याने 1807 साली मलबारातील या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. कारण तो खाणीत मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि उघड्या हवेत कडक होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवरचे कास, पवनचक्क्यांचे चाळकेवाडी आणि पाटणचे सडावाघापूर ही सारी या जांभ्याच्या टोपीची पठारे आहेत. या टोपीवर मातीचा थर कुठे दोन-चार मिलिमीटर, तर कुठे चार बोटे एवढाच असतो.

या थरात नायट्रोजन आणि फॉस्फरस फार कमी असल्यामुळे इथल्या काही वनस्पतींनी पोटासाठी कीटक पकडण्याचा मार्ग धरला आहे. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी चिलटे धरते, तर सीतेची आसवे या नाजूक नावाच्या वनस्पतीला मातीत आणि पाण्यात बारीक फुगे असतात, ज्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. वायतुरा हा साताऱ्याच्या नावावरून शास्त्रीय नाव मिळालेला कंद उथळ डबक्यांत उगवतो. या साऱ्यांना पावसाळाभर पाणी साचून राहिलेलेच हवे असते. कास पठार 2012 साली जागतिक वारशात गणले गेले, त्यामागेही ही उथळ ओल आणि तिच्यावर जगणाऱ्या या वनस्पती होत्या.

आता त्या दोन इंची रेघेकडे पुन्हा पाहावे. सपाट सड्यावर पाणी पसरून, गवताच्या काड्यांमधून अडखळत वाहते. चाकाची खाच आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर खोल असली, तरी ते पाणी तिच्यात गोळा होते, खोल होते आणि वेग घेते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याला ढकलता येणाऱ्या सर्वांत मोठ्या कणाचे वजन दुपटीने नव्हे, तर सुमारे 64 पटींनी वाढते, असा नदीशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. त्यामुळे काल रेतीसुद्धा न हलवणारे पाणी आज खडे नेऊ लागते. खाच कातळापर्यंत पोहोचली की ती शेजारच्या डबक्याचा निचरा करू लागते, आणि पाऊस थांबल्यावर आठवडाभर भिजून राहणारी माती दोन दिवसांत सुकते. चाक गेंदावरून गेले नाही, तरी गेंद जातो तो असा. मराठीत ‘चाकोरीबाहेर जाणे’ हे कौतुकाचे बोलणे आहे. सड्यावर मात्र बैलगाडीच्या जुन्या चाकोरीतूनच जाणारा स्वार शहाणा म्हणायचा, कारण तिथले नुकसान होऊन चुकलेले असते.

ब्रिटनमधील उंच माळरानांवर हीच गोष्ट दुसऱ्या पदार्थात घडते. तिथे खडकावर अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा, पाण्याने फुगलेला पीटचा थर असतो आणि तो वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने साठतो, म्हणजे एक मीटर थराला हजार वर्षे लागतात. इंग्लंडमध्ये 1968 च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकल नेण्याचा हक्क मिळाला; पण जिथे पीटची साल फाटते, तिथे वाटसरू चिखल टाळत बाजूने जातात आणि वाट रुंदावत जाते. पेनाइन डोंगररांगेत यावर उपाय म्हणून बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या फरश्या हेलिकॉप्टरने नेऊन वाटेवर अंथरल्या गेल्या. आपल्याकडे फरशी आयती आहे. उघडा जांभा हीच सड्यावरची सर्वांत टिकाऊ वाट होय, फक्त पावसात त्यावर शेवाळ धरते आणि चाक निसटते.

उरमोडी, वेण्णा आणि कोयनेच्या खोऱ्यांतील उतारांवर माती खोल असते, आणि तिथे वाट नीट आखली तर सायकल खुशाल चालावी. वाट आखणाऱ्यांचा एक साधा नियम आहे: वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. डोंगर शंभर मीटरला तीस मीटर उतरत असेल, तर वाट पंधरा मीटरच्या आतच उतरली पाहिजे. एरवी पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेलाच ओहोळ करते. सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात, वाटेचा पृष्ठभाग दरीकडे किंचित कलता ठेवतात, आणि ठरावीक अंतराने लहानसा उलटा चढ देतात, जेणेकरून साठलेले पाणी तिथेच बाहेर पडावे. माण-खटावच्या दुष्काळी माळांवर गावकऱ्यांनी खोदलेले सलग समतल चर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही. चर पाणी अडवतो आणि वाट ते सोडून देते, पण दोन्ही ठिकाणी उतारावरच्या पाण्याला लांब धाव मिळू द्यायची नाही, हेच साधायचे असते. गुराख्यांच्या जुन्या वाटा बहुधा असेच वळसे घेत जातात. घाईचे सरळ उतरणीचे फाटे अलीकडचे आहेत आणि ओघळ तिथेच अधिक दिसतात.

चाकाला चिकटलेला चिखल हाही एक वेगळा प्रश्न आहे. त्या चिखलात बी असते, आणि रस्त्याकडेच्या गाजरगवताचे बी टायरच्या खाचांतून सड्यावर पोहोचायला एक फेरी पुरते. घाट चढण्यापूर्वी बादलीभर पाण्याने चाके धुणे हा त्यावरचा स्वस्त इलाज आहे.

हंगामाबद्दल शेतकऱ्याचा शब्दच वापरावा. पेरणीपूर्वी तो माती मुठीत दाबून पाहतो. गोळा होऊन राहिली तर थांबतो, दाबल्यावर बोटाच्या टोचणीने फुटली तर वाफसा आला म्हणतो. वाफशावरची माती दाबली जाते पण चिखल होत नाही, आणि खोऱ्यातल्या वाटेवर सायकल घालायला हीच वेळ योग्य असते. खोऱ्यात पाऊस उघडल्यावर काही दिवसांतच वाफसा येतो. सड्यावर पाणी कातळाच्या खळग्यांतून झिरपत राहते, आणि तिथे वाफशाची वाट बऱ्याचदा ऑक्टोबर सरेपर्यंत पाहावी लागते.