अजिंक्यताऱ्यावर उतरलेले आणि चढलेले निशाण

साताऱ्याच्या डोक्यावर उभा असलेला अजिंक्यतारा पाहायला येणारे बहुतेक जण औरंगजेबाच्या वेढ्याची आठवण मनात ठेवून गड चढतात. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० या काळात प्रयागजी प्रभू यांनी बादशाही फौजेविरुद्ध हा किल्ला झुंजवला. सुरुंगाने उडालेला तट मोगलांच्याच अंगावर कोसळल्याची हकीकत साताऱ्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. इंग्रजांच्या काळातील गडाची कथा मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती अधिक अस्वस्थ करणारी आहे.

१० फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल स्मिथ आणि प्रिट्झलर यांच्या फौजांपुढे हा गड फारशी झुंज न देता शरण गेला. गडावर आधी इंग्रजांचे निशाण चढले आणि मग ते उतरवून त्याच जागी छत्रपतींचा भगवा फडकवण्यात आला. हे औदार्य नव्हते. दुसऱ्याच दिवशी इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने साताऱ्यातून काढलेल्या जाहीरनाम्यात पेशवाई संपवण्याची घोषणा होती आणि छत्रपतींना स्वतंत्र राज्य देण्याचे आश्वासनही होते. ज्या मराठा सरदारांची निष्ठा गादीशी होती, त्यांना पेशवा दुसऱ्या बाजीरावापासून तोडण्यासाठी गडावरचा तो भगवा शेकडो तोफांपेक्षा उपयोगी होता. त्या वेळी छत्रपती प्रतापसिंह स्वतः बाजीरावाच्या छावणीत अडकलेले होते. २० फेब्रुवारीला अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, तेव्हा प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले.

सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना राज्य मिळाले, पण रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या, परवानगीशिवाय परराज्यांशी कोणताही व्यवहार करण्याची त्यांना मुभा राहिली नाही. नेमके हेच कलम पुढे त्यांच्यावर उलटले: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घातले. ते तिथे असतानाच, १८४८ मध्ये प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून, ज्या गादीच्या नावाने गडावर भगवा चढवला होता, तिचेच राज्य खालसा केले.

गडावरून शहराकडे पाहताना गेंडामाळही नजरेत भरावा. रंगो बापूजींच्या उठावाच्या कटात सामील असलेल्या १७ जणांना सप्टेंबर १८५७ मध्ये तिथे फाशी देऊन, तोफेच्या तोंडी देऊन आणि गोळ्या घालून ठार मारण्यात आले. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.