पार्श्वभूमी: पूर्णेहून मारवाडला जाणारी छोटी लाईन

हिंगोली, वसमत, पूर्णा इकडच्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा की पूर्वी मारवाडला कसं जायचे, तो एकच नाव घेईल, मीनाक्षी. हैदराबादच्या काचीगुड्याहून निघून नांदेड, पूर्णा, अकोला, खंडवा, रतलाम करत अजमेर-जयपूरला जाणारी मीटरगेजची गाडी. ज्याला जोधपूर-बिकानेर गाठायचं तो तिकडं गाडी बदलायचा, पण रूळ तेवढाच रुंद. आमच्या शेजारच्या मारवाडी काकी दोन-तीन वर्षांनी नागौरकडं माहेरी जायच्या. परत आल्या की ओट्यावर होल्डऑल सोडायच्या आणि सतरंजीच्या घड्यांतून बारीक पिवळी रेती गळायची, मग फडक्यात बांधलेली केर-सांगरी, म्हणजे तिकडची सुकवलेली भाजी, निघायची. खिडक्या ओढून घेतल्या तरी रेती आत येतेच म्हणायच्या.

इथं 'छोटी लाईन' या शब्दाचा मोठा घोळ आहे. लातूरचा माणूस छोटी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं बार्शी लाईट असते, म्हणजे नॅरोगेज, दोन रुळांमधलं अंतर (गेज) ७६२ मिलिमीटर. पूर्णा-परभणीवाला छोटी म्हणतो ती मीटरगेज, १००० मिलिमीटर. जोधपूरकडं पण छोटी म्हणजे मीटरगेजच. मोठी सगळीकडं एकच, १६७६. त्यामुळं जुन्या गप्पांत लातूरची छोटी आणि हिंगोलीची छोटी एकच समजून लोक बोलतात, ते चूक आहे. लातूरची छोटी मारवाडला कधीच जोडलेली नव्हती, आपली होती.

मीटरगेज आलं पैसा वाचवायला. १८७० च्या सुमारास त्यावेळच्या व्हाइसरॉयनं स्वस्त रूळ हवा म्हणून ठरवलं, १८७३ ला दिल्ली-रेवाडी सुरू झाली, आणि राजपुतान्यात, म्हणजे आताच्या राजस्थानात, सांभरचं मीठ वाहायला तीच लाईन पसरली. जोधपूरला रेल्वे १८८५ ला पोचली, बिकानेरला १८९१ ला. इकडं निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद लाईन १९०० च्या आसपास झाली, पूर्णा-हिंगोली १९१२ ला. पण हिंगोलीच्या पुढं रूळच नव्हता. खंडव्यापर्यंतची जोड पूर्ण झाली १९६० च्या आसपास, तेव्हा कुठं दक्षिणेची आणि राजपुतान्याची छोटी लाईन एक झाली. वाळवंटात बाडमेरच्या पुढं सिंधमध्ये जाणारी लाईन मात्र १९६५ च्या लढाईत तुटली, गडरा रोडला १७ रेल्वे कर्मचारी मारले गेले.

मग १९९२ ला देशभर एकच गेज करायचं ठरलं. त्याच वर्षी मनमाड-औरंगाबाद मोठी झाली, जोधपूर-जैसलमेर पण त्याच दशकात मोठी झाली, पूर्णा-अकोला २००८ ला. आपल्याला मोठी लाईन हवीच होती, त्यासाठी इथल्या लोकांनी आंदोलनं केली, त्याबद्दल दुमत नाही. पण दोन्हीकडं मोठी होत गेली आणि मधला अकोला-खंडवा तुकडा अन् पुढचा महू-खंडव्याचा घाट छोटेच राहिले, म्हणजे सरळ रस्ता मधेच कापला गेला.

अकोला-खंडवा का राहिला तर मेळघाट. जुनी लाईन व्याघ्र प्रकल्पातून जायची, धुळघाटला गाडी वेटोळं घेत चढायची आणि आपल्याच रुळाच्या वरून जायची, खिडकीतून खाली आपणच आलो तो रूळ दिसायचा. वन्यजीववाल्यांचं म्हणणं होतं की मोठी लाईन झाली की गाड्या वाढतील, वेग वाढेल, वाघ मरतील, म्हणून लाईन जंगलाबाहेरून न्या. ते म्हणणं खोटं नाही. दुसरी बाजू अशी की रूळ तिथं आधीपासून होता, बाहेरून नेलं तर अंतर वाढतं, खर्च वाढतो, नवी जमीन लागते. वर्षानुवर्षं फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, शेवटी बाहेरूनच न्यायचं ठरलं. माझं मत विचाराल तर बाहेरून नेणं बरोबरच, पण हेच सुरुवातीला ठरवलं असतं तर एवढी वर्षं गेली नसती. त्या भांडणात मराठवाड्याला कुणी विचारलंच नाही, सगळी चर्चा अकोला-अमरावती-खंडव्याची.

आता अकोला-अकोट मोठी झालीय, पण सरळ रस्ता नाही. पूर्णेहून निघालेली गाडी अकोल्याहून भुसावळकडं वळते, नांदेड-श्रीगंगानगर पण तशीच फिरून बिकानेरला जाते. अकोटच्या पुढचा नवा मार्ग आणि तिकडं महू-खंडव्याचा घाट, एवढे दोन तुकडे मोठे झाले की पूर्णा-रतलाम परत सरळ जोडलं जाईल.