फॅफ्सामागचा इतिहास : अमेरिकी कॉलेजांची आर्थिक मदत अशी का आहे

अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला की पाठोपाठ आर्थिक मदतीचं पत्र येतं. त्यात बहुतेक वेळा तीन तऱ्हेच्या रकमा असतात. ग्रँट परत करावी लागत नाही, कर्ज फेडावं लागतं आणि वर्क-स्टडीचे पैसे काम करून मिळवावे लागतात. अनेक पत्रांत या तिन्हींची एकच बेरीज मारलेली असते, आणि ती पाहून पालक सुखावतात. खरं तर ही तीन खाती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी उघडली गेली. कुणी एकत्र बसून ही व्यवस्था आखलेली नाही, आणि फॅफ्सा हा केंद्रीय मदतीचा अर्ज भरताना जो गोंधळ उडतो त्याचं मूळ बरंचसं इथेच आहे.

गरीब विद्यार्थ्यासाठी देणगी देण्याची प्रथा जुनी आहे. १६४३ मध्ये लेडी अ‍ॅन मोल्सन यांनी त्यासाठी हार्वर्डला १०० पौंड दिले होते. केंद्र सरकार मात्र या बाबतीत फार उशिरा जागं झालं. मोठं पाऊल पडलं ते २२ जून १९४४ रोजी, रूझवेल्ट यांनी जीआय बिलावर सही केली तेव्हा. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर निर्वाहभत्ता मिळू लागला. सुमारे २२ लाख माजी सैनिक त्या जोरावर कॉलेजात गेले. त्यांना घरची परिस्थिती कुणी विचारली नाही, सैन्यातली सेवा पुरेशी होती. कागदावर कायदा सर्वांना सारखा होता, पण दक्षिणेतल्या बहुतेक कॉलेजांची दारं कृष्णवर्णीय सैनिकांना बंदच राहिली.

घरची परिस्थिती मोजायला सुरुवात केली ती सरकारने नव्हे, कॉलेजांनी. हुशार मुलं आपल्याकडे ओढण्यासाठी शिष्यवृत्तीच्या बोली लागत होत्या आणि त्यात पैसा गरज नसलेल्यांकडेही जात होता. हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी कुटुंबाचं उत्पन्न, मालमत्ता आणि खर्च यांवरून पालक किती देऊ शकतील हे काढण्याचं सूत्र बसवलं. १९५४ मध्ये कॉलेज बोर्ड या कॉलेजांच्या संघटनेने कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस (सीएसएस) सुरू केली आणि पालकांच्या माहितीचा एकच अर्ज अनेक कॉलेजांना चालू लागला. हेतू चांगला होता, पण सोय कॉलेजांचीही होती. सगळ्यांचं उत्तर सारखं आलं की बोली लावायलाच नको. आयव्ही लीग या नामांकित गटातली कॉलेजं आणि एमआयटी तर दरवर्षी भेटून, एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना कोण किती देणार ते जुळवून घेत. १९९१ मध्ये न्याय विभागाने त्यांच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरला, तेव्हा ही बैठक बंद पडली. सूत्र मात्र टिकलं. ते कुटुंबाची ऐपत मोजतं, कॉलेजने फी किती लावावी याबद्दल त्यात अवाक्षर नाही. माझ्या मते पुढच्या बहुतेक कटकटी या एका गोष्टीतून निघतात.

सरकारी कर्ज आलं ते रशियाच्या धास्तीने. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला आणि वर्षभराच्या आत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. विद्यार्थ्यांना कमी व्याजाचं कर्ज मिळालं, पण त्यासाठी राष्ट्रनिष्ठेचं शपथपत्र द्यावं लागे. काही कॉलेजांनी त्याचा निषेध म्हणून योजनाच नाकारली. शपथपत्रातला सर्वात वादग्रस्त भाग १९६२ मध्ये काढला गेला.

वर्क-स्टडी १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यातली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना हा प्रकार नवा नव्हता. मंदीच्या काळात टेक्ससमध्ये तरुणांना काम देऊन शिकवणाऱ्या सरकारी योजनेचे ते संचालक होते. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी उच्च शिक्षण कायद्यावर त्यांनी सही केली ती सॅन मार्कोसमधल्या आपल्याच जुन्या कॉलेजात. आजची केंद्रीय मदत याच कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली दिली जाते.

१९७२ च्या दुरुस्तीच्या वेळी खरा वाद झाला. पैसा कॉलेजांना द्यायचा की विद्यार्थ्याला? कॉलेजांच्या संघटनांना अर्थातच तो आपल्या हाती हवा होता. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल विद्यार्थ्याच्या बाजूने अडून बसले आणि जिंकले. विद्यार्थी जिथे जाईल तिथे त्याची ग्रँट जाऊ लागली. पहिल्या वर्षी तिची कमाल रक्कम ४५२ डॉलर होती. १९८० मध्ये तिला पेल यांचं नाव मिळालं. २०२५-२६ साठी ही मर्यादा ७,३९५ डॉलर आहे.

त्यानंतर भरायचे वेगवेगळे अर्ज वाढत गेले. ही गुंतागुंत सोडवायला १९९२ मध्ये संसदेने फॅफ्सा हा एकच, विनाशुल्क अर्ज आणला. त्याच वेळी राहत्या घराची किंमत हिशेबातून वगळली. अनेक महागड्या खासगी कॉलेजांना हे पटलं नाही. स्वतःच्या तिजोरीतला पैसा वाटताना त्यांना घरही मोजायचं होतं. म्हणून आजही त्यांच्याकडे फॅफ्साच्या जोडीला सीएसएस प्रोफाइल हा कॉलेज बोर्डाचा अर्ज भरावा लागतो, आणि एकाच कुटुंबाची गरज दोन ठिकाणी दोन निघते. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बी नोकरदाराचे कुटुंबीय) व्हिसावरच्या मुलांना केंद्रीय मदत मिळत नाही. कॉलेज स्वतःच्या निधीतून काही देणार असेल, तर अनेकदा हा दुसरा अर्जच त्यांच्या कामी येतो.

फॅफ्साही फुगत शंभराहून अधिक प्रश्नांचा झाला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कर सल्लागाराच्या दुकानातच तो भरून दिला तर काय होतं, याचा एक प्रयोग झाला. बारावीच्या मुलांपैकी दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. मदतीची रक्कम वाढवली नव्हती, फक्त कागद सोपा केला होता. सिनेटर लमार अलेक्झांडर भर सभेत तो लांबलचक अर्ज उलगडून दाखवत. अखेर डिसेंबर २०२० मध्ये सुलभीकरणाचा कायदा झाला.

नवा अर्ज मात्र ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या शेवटी उघडला, तोही अडखळत. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारी ओळख क्रमांक) नसलेल्या पालकांची मुलं कित्येक आठवडे अडकून पडली. प्रश्न खरोखर कमी झाले, कारण उत्पन्नाची माहिती आता थेट कर विभागाकडून येते. त्यासाठी पालकांची संमती लागते, आणि ती दिली नाही तर मदत मिळतच नाही. एकाच वेळी दोन भावंडं कॉलेजात असली की मिळणारी सूट मात्र केंद्रीय सूत्रातून गेली.

माहिती घेतली जाते ती दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाची. ही पद्धत २०१७-१८ च्या अर्जापासूनची. मध्यंतरी नोकरी गेली असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला आकडे बदलण्याचा कायदेशीर अधिकार आहे. तो वापरा असं लेखी सांगावं लागतं, आपणहून कुणी विचारत नाही.

सूत्राने काढलेली ऐपत आणि कॉलेजची फी यांच्यामधला खड्डा भरायला १९८० पासून पेरेंट प्लस हे पालकांच्या नावचं कर्ज आहे. १९९२ मध्ये त्याची मर्यादा काढली गेली, आणि इतर मदत वजा करून उरलेला सगळा खर्च पालकांना कर्जाऊ मिळू लागला. २०२५ च्या कायद्याने ती मर्यादा परत आणली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरपर्यंतच उचल करता येईल.